चारमिनारच्या दारातला ऐन

धाराशिवात सराफाकडे जुनी हाली अधेली, म्हणजे निजामाच्या राज्यातला अर्धा रुपया, नेली की तो आधी ती काट्यावर टाकतो. भरते 5.59 ग्रॅम, चांदी 81.8 टक्के, म्हणजे निखळ साडेचार ग्रॅमच्या जरा वर. त्या काळच्या कलदार, म्हणजे ब्रिटिश, अधेलीत हीच चांदी 5.35 ग्रॅम. शंभर कलदारांना सुमारे 117 हाली हा निजामी मुलखातला हिशेब याच फरकावर उभा होता. सराफाचं काम इथे संपतं, संग्राहकाचं सुरू होतं. भिंग घ्यावं आणि नाण्यावरच्या चारमिनारच्या कमानीत डोकवावं.

तिथे एकच अक्षर आहे. निजाम मीर महबूब अली खानांच्या नाण्यांवर ‘मीम’, त्यांच्यामागून आलेल्या मीर उस्मान अली खानांच्या नाण्यांवर ‘ऐन’. कुणी म्हणेल, मीम पैगंबरांच्या नावाचा असेल. पण त्यांच्यासाठी नाण्यावर 92 हा आकडा वेगळा आहेच. आणि तसं असतं तर निजाम बदलताच अक्षर का बदललं असतं? ती राजाच्या नावाची खूण, यात मला शंका नाही.

उर्दूत उस्मानाबाद, म्हणजे धाराशिवचं आधीचं नाव, लिहिताना पहिलं अक्षर हाच ऐन. नवा निजाम गादीवर आला आणि नाण्याबरोबर जिल्ह्यालाही त्याचं नाव मिळालं, असं सर्रास सांगतात. ते टिकत नाही. 1908च्या इम्पिरियल गॅझेटिअरमध्ये पूर्वीचा नळदुर्ग जिल्हा ‘उस्मानाबाद’ म्हणूनच छापला आहे. उस्मान अली तेव्हा युवराज होते. म्हणजे ऐन आधी आपल्या जिल्ह्याला लागला, टांकसाळीत मागाहून पोचला.

पोचला तोही घाईने. महबूब अली वारले 29 ऑगस्ट 1911 रोजी. हिजरी 1329 संपायला चार महिनेही उरले नव्हते. त्या सालच्या रुपयावर ऐन आखूड आहे, पुढे तो पूर्ण होतो. माझा अंदाज, मीमचाच साचा कोरून सुधारून घेतला असावा.

नाण्यावर माणसाची खूण पुढेही उमटली. 1964 साली अमेरिकेने केनेडींचा अर्धा डॉलर काढला, भारताने नेहरूंचे 50 पैसे. दोन्हींवर चेहरा आहे, ओळखायला भिंग लागत नाही. हाली नाण्याचं मोल मात्र त्या कमानीत आहे. माळेसाठी कडी झाळलेलं किंवा चिंचेने घासून लख्ख केलेलं नाणं चांदीच्या भावात जातं. अक्षराच्या कडा शाबूत असतील तरच जास्त मागावं.