कुंपण न पडलेले गाव

एकर आणि फर्लांग हे दोन शब्द आपल्या खेड्यापाड्यांत इतके रुळले आहेत, की ते परके आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सरकारी उताऱ्यावर हेक्टर आणि आर आले. पण पारावर बसलेला शेतकरी अजून एकर-गुंठ्यांतच बोलतो. मैलाचे दगड गेले तरी जुनी माणसे ‘विहीर इथून फर्लांगभर आहे’ असेच सांगतात. हे शब्द आले कुठून? ते इंग्लंडच्या एका जुन्या शेतातून आले आहेत. त्या जातीचे शेत आज जवळजवळ नाहीसे झाले आहे. जवळजवळ म्हणतो, कारण एका गावाने ते अजून राखले आहे. त्या गावाची हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. फर्लांग म्हणजे मुळात तासाची लांबी. तास म्हणजे नांगराने ओढलेली रेघ. बैलांनी विसावा न घेता एका ओढीत जितके लांब जावे, तितका फर्लांग. पुढे तो २२० यार्ड, म्हणजे ६६० फूट असा ठरला. अशा लांब पट्ट्याची रुंदी ६६ फूट धरली की एक एकर होतो. एका दिवसात एका नांगराने होणारी नांगरट ती एवढी, असा हिशेब. आता गंमत बघा. या पट्ट्याचे तेहतीस फुटी चौकोन पाडले तर लांबीत वीस आणि रुंदीत दोन, असे बरोबर चाळीस चौकोन पडतात. तोच आपला गुंठा! मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरकडून नव्या मोजणीला आरंभ केला. त्या मोजणीबरोबर बिघे आणि चाहूर मागे पडले आणि दख्खनची काळी जमीन इंग्लंडातल्या नांगराच्या मापाने मोजली जाऊ लागली.

ते माप जिथे अजून जमिनीवर दिसते, त्या गावाचे नाव लॅक्स्टन. मध्य इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर नावाचा परगणा आहे. रॉबिन हूडच्या गोष्टींतले शेरवुडचे रान याच परगण्यातले. त्या रानाच्या पूर्वेला काही मैलांवर, चिकणमातीच्या चढउताराच्या मुलखात हे लहानसे गाव वसले आहे. एक चर्च, एक जुनी खानावळ, आणि उत्तरेच्या अंगाला नॉर्मन काळातल्या गढीचा गवत उगवलेला उंचवटा. विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या इंग्लंडची जी जमीनपाहणी केली, त्या डूम्सडे बुकात या गावाची नोंद आहे.

इंग्रजी खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरव्या कुंपणांची चौकोनी शेते येतात, आणि प्रत्येक शेताच्या मधोमध एकटे घर. लॅक्स्टनला तसे नाही. इथली शेतकऱ्यांची घरे, खळी आणि गोठे सगळे गावात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दाटीने उभे आहेत. आणि शेते गावाबाहेर. आपल्याकडे पांढरी आणि काळी म्हणतात ना, गावठाण वेगळे आणि शेतजमीन वेगळी, तसाच प्रकार. गावाबाहेर पडले की पश्चिमेचे शेत, दक्षिणेचे शेत आणि पवनचक्कीचे शेत अशी तीन अफाट शेते लागतात. तिन्ही मिळून आज सुमारे ४८० एकर भरतात. आत एकही कुंपण नाही. शेत एक, पण त्यात पट्टे अनेकांचे.

प्रत्येक शेतकऱ्याचे थोडे थोडे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. याला कारण पिकांची फेरपालट. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, आणि तिसरे पड. पुढच्या वर्षी एकेक घर पुढे सरकायचे. ज्याचे सगळे पट्टे एकाच शेतात, त्याच्यावर तिसऱ्या वर्षी उपाशी राहण्याची पाळी येईल. शिवाय कुणाला नुसती उताराची आणि कुणाला नुसती चांगली जमीन, असेही होत नाही. अर्थात याचा दुसरा अर्थ असा, की एकाने मनात येईल ते पेरायचे नाही. सगळ्यांनी गहू पेरला तर आपणही गहूच पेरायचा. पीक निघाले की मोकळ्या रानात सगळ्यांची गुरे सोडायची.

आता अशा शेतात तंटा कशावरून होईल, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नकोच! बांध कोरण्यावरून. शेजाऱ्याच्या पट्ट्यात एक तास जास्त घातला की दरवर्षी वीतभर जमीन आपली. लॅक्स्टनने यावर जो उपाय योजला, तो त्याच्या हकीकतीतला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. गव्हाची पेरणी झाली की नोव्हेंबरच्या अखेरीस एक दिवस गावची ज्युरी त्या शेतात जाते. ही ज्युरी म्हणजे शेतकरीच. ते एकेक पट्टा पाहतात, हद्दी ताडून बघतात आणि लाकडी खुंट ठोकतात. कुणी शेजाऱ्याच्या हद्दीत नांगर घातला, कुणी रस्ता कोरला, कुणी गवताच्या सामाईक पट्ट्यावर पेर केली, ते टिपून घेतात. मग पुढच्या आठवड्यात गावच्या खानावळीत कोर्ट भरते. त्याला कोर्ट लीट म्हणतात. म्हणजे जुन्या जहागिरीचे गावकोर्ट. जहागिरीचा कारभारी अध्यक्ष असतो, ज्युरीचा मुख्य आपली यादी वाचतो, आणि दंड ठरतो. तो अगदी किरकोळ असतो. पण चारचौघांत नाव पुकारले जाते ना, खरी शिक्षा तीच. तिथेच पुढच्या वर्षाची ज्युरी शपथ घेते. भटकी गुरे धरून ठेवण्यासाठी गावात कोंडवाडाही होता, आणि त्यावर नेमलेला माणूसही.

या गावाचा एक फार सुंदर नकाशा आहे. तो १६३५ साली मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने काढला. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टा दाखवला आहे, आणि सोबतच्या वहीत कोणता पट्टा कुणाकडे, याची नोंद आहे. नकाशात मधूनमधून नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी इवलीइवली माणसेही रंगवलेली आहेत.

हा नकाशा करवून घेतला सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या बड्या व्यापाऱ्याने. त्याने ही जहागीर विकत घेतली होती. आपण काय घेतले आणि त्यातून किती उत्पन्न निघेल, हे त्याला पाहायचे होते. हे नाव आपल्या किनाऱ्याच्या इतिहासातही येते. त्याच १६३५ साली या कोर्टेनच्या मंडळीने, ईस्ट इंडिया कंपनीला डावलून, पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना चार्ल्स राजाकडून मिळवला. पुढच्या वर्षी कॅप्टन वेडेल त्यांची जहाजे घेऊन गोव्याला आला. कोर्टेन स्वतः १६३६ मध्येच वारला; पण त्याच्या मंडळीने भटकळला आणि नंतर १६३८ साली कारवारला वखार घातली. एकाच धन्याच्या पैशाने लॅक्स्टनचे पट्टेही मोजले गेले आणि कारवारच्या मिरीचा सौदाही झाला. जमीन ही मोजायची, विकत घ्यायची आणि वाढत्या उत्पन्नाची वस्तू आहे, ही नवी दृष्टी त्या काळी इंग्लंडात पसरू लागली होती. तिचाच पुढचा टप्पा म्हणजे कुंपण.

कुंपण घालणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. पट्टे मोडायचे, प्रत्येकाला त्याच्या हिश्शाची जमीन एका जागी तोडून द्यायची, आणि तिला काटेरी झुडपांची वई घालायची. गावाच्या गायरानाचीही तशीच वाटणी करायची. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. त्यातला मोठा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी उरकला. बहुतेक जमीन ज्यांच्या हाती, त्यांनी पार्लमेंटकडे अर्ज करायचा. पार्लमेंटने कमिशनर नेमायचे. ते गावात येऊन विचारणार, ‘तुमचा हक्क काय? लेखी दाखवा.’

खरा घाव बसला तो इथे. ज्याच्या नावावर जमीन होती, त्याला जमीन मिळाली. पण ज्याची एक गाय पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर चरत होती, जो रानातून सरपण आणत होता, ज्याची बायको कापणीनंतर सरवा वेचत होती, त्याच्याजवळ कागद कुठला? वहिवाट हाच त्याचा कागद. कमिशनरच्या वहीत त्याला जागाच नव्हती. एखाद्याला मिळालाच तुकडा, तर त्याला कुंपण घालण्याचा खर्च झेपेना. तो तुकडा विकून मोकळा झाला. काल ज्याची गाय होती, तो आज मजूर झाला.

आर्थर यंग हा त्या काळचा शेतीचा मोठा लेखक. कुंपणाचा तो कडवा पुरस्कर्ता, आणि १७९३ पासून सरकारी शेती मंडळाचा चिटणीस. गावोगाव फिरून त्याने परिणाम डोळ्यांनी पाहिले, आणि १८०१ साली त्यानेच लिहिले की या व्यवहारात गरिबाची गाय गेली. पडीक जमिनीतून त्याला तुकडा दिला पाहिजे. त्याच साली पार्लमेंटने कुंपणाचे काम सोपे करणारा सर्वसाधारण कायदा केला. यंगच्या नव्या बोलण्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर इतिहास एकांगी होईल. जुनी पद्धत म्हणजे रामराज्य नव्हते. तिसरा हिस्सा जमीन दरसाल पड. या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर जाण्यात दिवस मोडायचा. एकाच्या पट्ट्यातले तण दुसऱ्याच्यात शिरायचे, एकाच्या गुराचा रोग साऱ्यांच्या गुरांना लागायचा. कुणाला नवे पीक करून पाहायचे असले तर सारे गाव आडवे. कुंपणानंतर अनेक ठिकाणी उत्पन्न वाढले आणि वाढत्या शहरांना धान्य मिळाले, हे नाकारता येत नाही. आपल्याकडेही तुकड्यांचा जाच ओळखूनच १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. शिवाय लॅक्स्टनची जमीन तरी गावकऱ्यांची कुठे होती? ती मुख्यतः जहागीरदाराची. बहुतेक शेतकरी त्याची कुळे. सर हेन्री मेन हे हिंदुस्थान सरकारचे कायदेपंडित १८६९ पर्यंत इथे होते. त्यांनी १८७१ साली पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील गावसंस्थांची तुलना करणारे पुस्तक लिहिले, आणि जुन्या गावाचे सामुदायिक चित्र विद्वानांपुढे ठेवले. पण सामुदायिक म्हणजे समान नव्हे, हे त्या चित्राकडे पाहताना विसरू नये. आमच्या गावगाड्यातही पाटलाचा मान वेगळा आणि वेशीबाहेरच्या माणसाचे जिणे वेगळे, हे आपण जाणतोच.

मग लॅक्स्टन वाचले कसे? काही पुण्याईने नव्हे. गावची जमीन मुख्यतः अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन घराण्यांत विभागलेली होती, आणि दोघांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले. कुंपणाच्या गोष्टी निघाल्या, काही भागाला कुंपण पडलेही. पण सगळ्या गावाचा निकाल लागेल असे एकमत होईना. पुढे १८७० नंतर इंग्लंडच्या शेतीवर मंदी आली आणि त्या खटपटीत रामच उरला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅन्व्हर्सच्या जहागिरीने लहान पट्टे एकत्र करून मोठे केले, त्यामुळे काम सोयीचे झाले. शेते मात्र उघडीच ठेवली. १९३८ साली ऑक्सफर्डचे शेती अर्थशास्त्रज्ञ ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी यांनी या गावावर पुस्तक लिहिले, तेव्हा लोकांना कळले की आपल्याजवळ काय उरले आहे.

मॅन्व्हर्स घराण्याने १९५२ साली गाव सरकारच्या शेती खात्याला विकले. १९८१ साली ते राजसत्तेच्या मालमत्तेत, क्राऊन इस्टेटमध्ये गेले. २०२० मध्ये ते पुन्हा जुन्या जहागिरीच्या वारसांकडे, थोर्सबी इस्टेटकडे आले. मधल्या काळात १९७७ साली पार्लमेंटने देशातल्या जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले; पण कायद्याच्या कलमात एक अपवाद नाव घालून लिहिला, तो लॅक्स्टनच्या कोर्टाचा. डेव्हनमधल्या ब्रॉन्टनसारख्या ठिकाणी उघड्या शेतांचे अवशेष आहेत. पण शेतही आणि त्याचा कारभार पाहणारे कोर्टही, अशी दोन्ही टिकली ती लॅक्स्टनलाच.

बैल जाऊन ट्रॅक्टर आले, आणि पुढच्या पिढीतल्या कुणी हे पट्टे करायचे हा प्रश्न तिथेही आहेच. गावाचे हित मात्र एका साध्या गोष्टीवर उभे आहे. हद्द एकदा कागदावर ठरवून ती मंडळी घरी बसत नाहीत. दरसाल शेतात जाऊन, एकमेकांच्या देखत, ती पुन्हा बघतात. कुंपणाच्या कायद्यांनी इंग्लंडात जमिनीचे पीक वाढवले असेल. पण ज्याच्याजवळ कागद नव्हता त्याची वहिवाट बुडाली, आणि ती पुढे कोणत्याच कायद्याने भरून दिली नाही. आपल्याकडे जेव्हा जेव्हा एखाद्या गायरानाची मोजणी निघते, तेव्हा साखळी धरणाऱ्याने आणि सही करणाऱ्याने एवढे विचारून घ्यावे, की इथे गाय कुणाची चरते, आणि त्याचे नाव या वहीत आहे का?