कापडाने घासलेली काच

मखमलीवर बोट ओढले की बोटाचा माग वेगळ्या छटेचा दिसतो. धागे तेच, रंगही तोच. बदललेली असते ती फक्त धाग्यांची दिशा. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे आकडे दिसतात तेही दिशेच्याच जोरावर. तिथे धाग्यांच्या जागी द्रवस्फटिकाचे लांबट रेणू असतात. या रेणूंना हव्या त्या दिशेने कसे वळवायचे हे माणसाला आधी जमले. ते का जमते हे मात्र पुष्कळ उशिरा कळले. आधी विज्ञान, मग तंत्र, असा क्रम आपण वर्गात सहज सांगून जातो. इथे तो उलटा झाला.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. जर्मनीतील ऑटो लेहमान यांनी हा गढूळ द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो द्रवासारखा वाहत होता, पण प्रकाशावर परिणाम करत होता स्फटिकासारखा. अशा द्रवात रेणू जागा बदलतात, तरी शेजारच्यांशी साधारण समांतर राहतात.

मात्र या द्रवाला मोकळे सोडले तर प्रत्येक भागातील रेणूंचे तोंड वेगळीकडे असते. त्यांना एका दिशेला आणायचे कसे? १९११ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल मोगँ यांनी दोन काचांमधल्या पातळ थरांचा अभ्यास केला. दोन्ही काचांजवळ रेणूंच्या दिशा वेगळ्या असतील, तर मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे हळूहळू वळत जातात आणि ध्रुवित प्रकाशालाही सोबत वळवतात, असे त्यांना आढळले. पुढे १९४३ मध्ये शातलँ यांनी काच एका दिशेने घासून रेणू त्या दिशेने लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

१९७१ मध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी बाझेलमध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली. दोन काचा एकमेकींशी काटकोनातील दिशांनी तयार करायच्या, मध्ये केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ थर भरायचा आणि दोन्ही बाजूंना ध्रुवक लावायचे. थरातून जाताना प्रकाश ९० अंशांनी वळतो, म्हणून पलीकडे पोचतो. विद्युतदाब दिला की रेणू उभे राहतात, पीळ सुटतो आणि तेवढा भाग काळा होतो. कारखान्यांतून काचांवर पॉलिइमाइडचा लेप देऊन तो मखमली कापड गुंडाळलेल्या रुळाने घासू लागले. असे पडदे भराभर तयार होऊ लागले.

पण घासल्याने नेमके काय होते? १९७२ मध्ये अमेरिकेत ड्वाइट बेरेमन यांनी उत्तर सुचवले: काचेवर बारीक खाचा पडतात. खाचेच्या दिशेने पडून राहिले तर रेणूंना वाकावे लागत नाही. आडवे राहिले तर चढउतारांबरोबर वाकावे लागते आणि त्याला ऊर्जा लागते. उत्तर इतके सुबक की आम्हीही विद्यार्थी असताना तेच पाठ केले होते. ते चूक नव्हते. मुद्दाम कोरलेल्या खाचा रेणूंना खरोखरच दिशा देतात. पण घासलेल्या लेपांची गोष्ट वेगळी निघाली. १९८७ मध्ये गिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तिथे महत्त्वाच्या ठरतात त्या बहुवारिकाच्या साखळ्या. घासल्याने त्या ताणल्या जाऊन एका दिशेला येतात आणि द्रवस्फटिकाचे रेणू त्यांचे अनुकरण करतात.

हा फरक शब्दांचा नाही. खाचाच लागत असतील तर काहीतरी घासणे किंवा कोरणे भाग आहे. पण पृष्ठभागावरच्या रेणूंची दिशा पुरत असेल, तर ती स्पर्शाविनाही देता येईल. कापडाने धूळ येते, स्थिर विद्युत साठते आणि सगळी काच एकाच दिशेने घासली जाते. प्रकाशाला या अडचणी नाहीत.

१९९१ मध्ये गिबन्स आणि सहकाऱ्यांनी लेपात अॅझो रंगद्रव्य मिसळून त्यावर ध्रुवित लेसर टाकला. उजेड पडला तिथले द्रवस्फटिक ध्रुवणाच्या दिशेशी काटकोनात वळले. ध्रुवण बदलून ही दिशा पुन्हा बदलताही आली. पुढच्याच वर्षी शाट, चिग्रिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी ध्रुवित प्रकाशाने जोडल्या जाणाऱ्या बहुवारिकांचा लेप वापरून हेच न घासता साधले. रांगोळीचा छाप ठेवावा तसा प्रकाशाच्या वाटेत मुखवटा ठेवला की एकाच काचेवर वेगवेगळ्या दिशांची नक्षी काढता येते. १९९६ मध्ये शाट यांच्या गटाने पडद्याचा प्रत्येक ठिपका अशा भागांत विभागून, चित्र बाजूनेही नीट दिसेल असे करून दाखवले. २००९ मध्ये शार्प कंपनीने दूरचित्रवाणीच्या पडद्यांसाठी प्रकाशाने दिशा देण्याचे तंत्र जाहीर केले.

वर्गात एक साधा कॅल्क्युलेटर आणि ध्रुवक काचांचा गॉगल न्यावा. गॉगलची एक काच पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवावी. एका स्थितीत सगळा पडदा काळा होईल. मग मुलांना विचारावे: पडद्यातून येणाऱ्या प्रकाशाला ही दिशा कुणी दिली? ‘वरच्या ध्रुवकाने’ हे उत्तर मिळेल. त्याच्या खालच्या थरातले रेणू कुणी लावले, हा पुढचा प्रश्न. आणि खाच की साखळी, हे तुम्ही कसे तपासाल, हा त्यापुढचा. या शेवटच्या प्रश्नाला भरपूर वेळ द्यावा.