सिद्धार्थ, मिलिंद, महाड… आणि कर्जत-खालापूरच्या वाड्या

१९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. त्याच वर्षी २० जूनला त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत उघडले. जातीचे मूळ वंशात शोधणे त्यांनी १९१६ मधल्या कोलंबियातील निबंधातच अमान्य केले होते. पण ज्याला जन्मावरून दाराबाहेर ठेवले त्याने विद्वान म्हणून कसे उभे राहायचे, हा पेच दोन्हीकडे सारखाच होता.

सिद्धार्थने तो वेळापत्रकापासून सोडवायला घेतला. तास सकाळी ठेवले, म्हणजे नोकरदार पोराला शिकून मग कामावर जाता यावे. या संस्थेची सगळ्यात मोठी करामत मला हीच वाटते. तिथे विद्यार्थी-संसदही भरे. गावात ज्याला मान वर करून बोलता येत नव्हते, तो इथे विधेयकावर वाद घालू लागला.

१९५० मध्ये औरंगाबादला सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय निघाले. तिथे अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे होते, पुढे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवणारे गंगाधर पानतावणे होते. कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा दलित विद्यार्थ्यांपर्यंत पोचली आणि शिकणारी पिढी लिहिती झाली. १९६१ मध्ये सोसायटी महाडला, चवदार तळ्याच्या गावी, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात आली.

याच जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या आदिवासी कातकरीवाड्यांपर्यंत मात्र ही वाट अजून पुरती आलेली नाही. दिवाळी झाली की भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली कुटुंबे विटा पाडायला बिऱ्हाडासकट निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कॉलेजच्या वर्षाचा मोठा भाग त्यातच सरतो.

त्यातूनही एखादी मुलगी बारावी होते, नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला जाऊ म्हणते. मग जात पडताळणी आडवी येते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद सर्वांत भक्कम धरतात. आजोबांच्या शाळेचा दाखला आणा, सातबारा आणा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत आणि जमीन कधी नावावर नव्हती, तर आणायचे काय? ज्या वंचनेपायी सवलत दिली, त्याच वंचनेमुळे पुरावा नाही. हा अन्याय आहे आणि तो मुकाट सोसला जातो, याचा मला संताप येतो.

कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांनी सिद्धार्थचे वेळापत्रक समोर ठेवावे. भट्टीचा हंगाम पाहून सत्रे आखावीत. मुलगी अकरावीत येताच तिच्या कागदांचे काम हाती घ्यावे, पडताळणी समितीकडे तिच्या बरोबर जावे. आणि कातकरी बोली बोलणारा माणूस वर्गात शिकवायला उभा राहील इतकी वर्षे ते नेटाने चालवावे.