वॉटर कूलिंग लूपसाठी क्विक डिस्कनेक्ट फिटिंग कशी निवडावी?

संगणकाच्या वॉटर कूलिंग लूपमध्ये पंप, रेडिएटर, रिझर्व्हॉयर आणि प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डावरचा वॉटर ब्लॉक नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक कार्ड बदलायचे झाले तरी सगळा लूप रिकामा करावा लागतो, पुन्हा भरावा लागतो आणि आतली हवा काढत बसावे लागते. हा खटाटोप वाचवणारा जोड म्हणजे क्विक डिस्कनेक्ट फिटिंग. तिचे दोन भाग असतात, नर आणि मादी. दोन्हींत स्प्रिंगवर बसलेला व्हॉल्व्ह असतो. भाग जोडले की व्हॉल्व्ह एकमेकांना ढकलून उघडतात, वेगळे केले की दोन्ही तोंडे आपोआप बंद होतात.

घरच्या आरओ फिल्टरमध्ये रिंग दाबून नळी ओढून काढता येते, ती पुश-फिट फिटिंग दिसायला जवळची वाटते. पण तिच्यात व्हॉल्व्ह नसतो. बागेच्या नळीच्या ‘क्लिक’ जोडात असला तरी सहसा एकाच बाजूला असतो. संगणकासाठी दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेतच, नाहीतर जोड सुटताच एका बाजूचे पाणी थेट कार्डावर किंवा मदरबोर्डवर येईल. ‘डिस्टिल्ड वॉटर आहे, त्यातून वीज वाहत नाही’ या भरवशावर राहू नये. धातूंच्या संपर्कात काही काळ राहिलेल्या पाण्यात आयन मिसळतात आणि ते वीजवाहक होते.

व्हॉल्व्हची रचना कशी आहे हेही पाहावे. काहींच्या तोंडाशी पोकळी असते, तिथे अडकलेले पाणी सुटताना बाहेर पडते आणि जोडताना तेवढीच हवा आत जाते. सपाट तोंडाच्या फिटिंगमध्ये दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे फार तर पातळ ओल दिसते. जोड ग्राफिक्स कार्डाच्या वर येणार असेल तर सपाट तोंडाचीच घ्यावी, इथे काटकसर करू नये.

प्रवाहाचा हिशेब

बहुतेक खरेदी नळीचे माप पाहून होते आणि फसगत तिथेच होते. नळी कितीही जाड असली तरी पाण्याला व्हॉल्व्हभोवतीच्या अरुंद वाटेनेच जावे लागते. लोकप्रिय डी५ पंप प्रवाह पूर्ण अडवला असताना जेमतेम ४ मीटर उंचीपर्यंत पाणी चढवू शकतो. तो दाब सुमारे ०.४ बार, म्हणजे एका मजल्यावरच्या टाकीतून खालच्या नळाला मिळतो त्याहून थोडासाच जास्त. या तुटपुंज्या भांडवलातून ब्लॉक, रेडिएटर आणि प्रत्येक जोड आपापला वाटा घेतो.

चांगले उत्पादक फिटिंगचा ‘केव्ही’ आकडा देतात. १ बार दाबफरकाला तासाला किती घनमीटर पाणी जाईल, ते हा आकडा सांगतो. अमेरिकी तक्त्यांत ‘सीव्ही’ असतो, त्याला ०.८६५ ने गुणले की केव्ही मिळतो. समजा, मिनिटाला ४ लिटर, म्हणजे तासाला ०.२४ घनमीटर प्रवाह हवा आहे. केव्ही १ असलेल्या एका जोडीत ०.२४ चा वर्ग, म्हणजे जवळपास ०.०६ बार दाब खर्च होतो. अशा चार जोड्या लावल्या तर ०.२३ बार, पंपाच्या कमाल दाबाच्या निम्म्याहून जास्त. प्रत्यक्षात पंप एवढा प्रवाह देऊच शकणार नाही. केव्ही २ असेल तर त्याच चार जोड्यांचा खर्च एक चतुर्थांश होतो. म्हणून आकडा न देणाऱ्या स्वस्त फिटिंगपेक्षा आकडा देणारी थोडी महाग फिटिंग बरी.

मात्र याची धास्ती घेण्याचेही कारण नाही. मिनिटाला ४ लिटर पाणी ३०० वॉट उष्णता घेऊन एका फेरीत सुमारे १ अंशाने तापते. २ लिटरला सुमारे २ अंशांनी. दोन जोड्यांनी कोणताही लूप बिघडत नाही. प्रत्येक भागाच्या दोन्ही बाजूंना हौसेने जोड बसवले की मात्र प्रवाह मंदावतो.

कुठे लावावी

सर्वांत उपयोगी जागा दोन: वारंवार बदलले जाणारे ग्राफिक्स कार्ड आणि केसच्या बाहेर ठेवलेला मोठा रेडिएटर. दोन्ही ठिकाणी दोन-दोन जोड्या पुरतात. एका बाजूच्या नळीला नर आणि दुसरीला मादी येईल असे बसवावे. मग कार्ड काढल्यावर उरलेल्या दोन नळ्या एकमेकींना जोडून संगणक तात्पुरता चालवता येतो, आणि परत बसवताना नळ्यांची अदलाबदल होण्याची भीती नसते.

जोड सुटण्यासाठी सरळ रेषेत मागे सरकायला जागा लागते. कडक ॲक्रिलिक नळ्या हलत नाहीत, म्हणून त्या लूपमध्येही या ठिकाणी मऊ नळीचा तुकडा हवा. पितळी जोड जड असतात. कार्डाच्या पोर्टवर ते लटकत ठेवण्यापेक्षा नळीच्या मधोमध बसवणे चांगले.

माप आणि धातू

ब्लॉक आणि रेडिएटरवर बहुधा जी १/४ आटे असतात. हे आटे समांतर असून गळती ओ-रिंग थांबवते, त्यामुळे प्लंबरसारखी टेफ्लॉन टेप गुंडाळू नये; ओ-रिंग नीट बसत नाही. कॉम्प्रेशन फिटिंगला नळीचा आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्यास जुळावे लागतात: १०/१३ ची फिटिंग १०/१६ च्या नळीला चालत नाही.

लूपमध्ये तांबे असेल तर निकेल मुलामा दिलेली पितळी फिटिंग घ्यावी, ॲल्युमिनियम टाळावे. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजते. ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगला खनिज तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, रबर फुगते. सिलिकॉन ग्रीस चालते.

सगळ्या जोड्या एकाच मालिकेच्या घ्याव्यात. डेटा सेंटरच्या सर्व्हरसाठी ओपन कंप्यूट प्रोजेक्टने ‘यूक्यूडी’ हे समान मानक तयार केले आहे, पण हौशी बाजारात तशी शिस्त नाही. कूलन्स कंपनीची क्यूडी३ आणि क्यूडी४ ही तिचीच दोन मापेही एकमेकांत बसत नाहीत. पुढे सुटा भाग लागला तर मिळेल का, हे आधीच पाहावे.

जोड अर्धवट बसला तर व्हॉल्व्ह उघडत नाही आणि पंप चालू असूनही पाणी थांबते. म्हणून जोडणी आणि सोडवणी पंप बंद असताना करावी आणि सुरू केल्यावर पाणी हलते आहे याची खात्री करावी. हवेच्या दाबाने गळती तपासताना जोड एकदा लावलेल्या आणि एकदा सोडलेल्या, अशा दोन्ही स्थितींत तपासावा. बंद व्हॉल्व्हची गळती जोडलेल्या अवस्थेत कधीच दिसत नाही.