पोटातली देवघेव

मेढ्यात उभं राहून नदीचं नाव घ्यायचं नाही, हे काही जमणार नाही. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली वेण्णा इथं येते, पुढं कण्हेरच्या धरणात थांबते आणि संगम माहुलीला कृष्णेला मिळते. तिथून कऱ्हाड, मग सांगली. प्रत्येक गाव वरून आलेलं पाणी पितं आणि आपलं सांडपाणी खालच्या गावाला पाठवतं. आजचा विषय औषधांचा आहे, पण पाणी त्यात पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला करू. "मला आता ह्या गोळीची सवय झाली, ती लागूच पडत नाही," असं आपण सहज म्हणतो. सवय आपल्या शरीराला झालेली नसते. बदललेले असतात ते जंतू. आणि जंतू आपल्या अंगात असतात तसे शेजाऱ्याच्याही अंगात जाऊ शकतात. मी गोळी अर्धवट घेतली तर नुकसान माझं, असा हिशेब इथं चालत नाही. घरातल्या एकानं घेतलेल्या औषधाची किंमत घरातल्या दुसऱ्यालाच मोजावी लागेल, असं दुसरं औषध आम्हाला तरी आठवत नाही.

आता इतिहास. पेनिसिलिन फ्लेमिंगला सापडलं १९२८ मध्ये. माणसावर त्याचा नीट उपयोग सुरू झाला १९४१ मध्ये, ऑक्सफर्डला. ह्या दोन तारखा शाळेच्या पुस्तकात असतात. तिसरी तारीख सहसा नसते, ती १९४०. त्या वर्षी त्याच ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि चेन या दोघांनी छापलं, की काही जंतू पेनिसिलिनचा चुराडा करणारं एक विकर तयार करतात. ज्या जंतूत त्यांना ते सापडलं तो कोण? आपल्या आतड्यात राहणारा, आज ज्याला आपण ई. कोलाय म्हणतो तो. म्हणजे रोगी खाटेवर यायच्या आधीच तोड तयार होती. यात नवल नाही. पेनिसिलिन बुरशीचं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूचं. ही त्यांची आपापसातली हत्यारं आहेत, आणि जिथं हत्यार तिथं ढाल असणारच. कॅनडाच्या उत्तरेकडच्या, तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही ही ढालीची जनुकं सापडली आहेत. आपण औषध शोधलं नाही, उचललं. ढाल मात्र आपल्या ध्यानात आली नाही.

ही ढाल एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, हे कळायला आणखी वीस वर्षं लागली, आणि ते कळलं जपानमध्ये. युद्धानंतर तिथं हगवणीची मोठी साथ होती. आधी सल्फा दिलं, ते निकामी झालं. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. १९५५ च्या सुमारास चारही औषधांना दाद न देणारे जंतू मिळायला लागले. एका वेळी चार बदल एकाच जंतूत आपोआप घडावेत, हे गणितात बसेना. मग बारकाईनं पाहिल्यावर दिसलं, की त्या रोग्यांच्या आतड्यातल्या साध्या, निरुपद्रवी ई. कोलायमध्येही नेमकी हीच चार औषधांची ढाल आहे. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवलं, की हे जंतू एकमेकांना चिकटतात आणि जनुकांची एक गोल साखळी देतात. तिला आपण प्लाझ्मिड म्हणतो. देणारा एका जातीचा, घेणारा दुसऱ्या जातीचा, तरी देवघेव होते. आणि देणाऱ्याकडचं काही कमी होत नाही, कारण तो नक्कल देतो. लंडनमध्ये नाओमी दत्ता यांनी १९६२ मध्ये रुग्णालयातल्या एका साथीत हेच दाखवून दिलं.

हा व्यवहार आतड्यात सगळ्यात जोरात चालण्याचं कारण साधं आहे. आपल्या आतड्यात तीसचाळीस लाख कोटी जंतू असतात. वजन केलं तर पाव किलोही भरणार नाहीत, पण दाटी पाहा! यात्रेच्या दिवशी देवळाच्या दारात जशी रेटारेटी असते, तशी तिथं रोजच. बहुतेक सगळे आपल्या कामाचे. घशाच्या दुखण्यासाठी गोळी घेतली, तरी ती घशात जाऊन थांबत नाही. ती आतड्यातल्या लाखो निरपराध्यांनाही मारते, आणि ज्याच्याकडे ढाल आहे त्याला मोकळं रान मिळतं. तो वाढतो, नकला वाटतो. त्याच्यामुळे आपण आजारी पडत नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला किंवा ऑपरेशन झालं, की मग तो दिसतो.

आपल्याकडे ही औषधं आली कशी? महाराष्ट्रानं इथं मोठं काम केलं आहे, ते विसरू नये. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, आणि पुढच्या वर्षापासून तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. (तिथल्याच संशोधकांनी शोधलेल्या हॅमायसिन या बुरशीविरोधी औषधाच्या जंतूचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आहे. पिंपरीचं नाव असं जंतूत जाऊन बसलंय.) औषध परदेशातून बोटीनं यायचं, ते शेजारच्या जिल्ह्यात होऊ लागलं. ज्यांनी त्याआधीचा काळ पाहिला, त्यांना प्रतिजैविकांचा राग येणं शक्यच नव्हतं.

मुदतीच्या तापाचंच बघा. एकवीस दिवस बसून वाट पाहायची, हा त्याच्यावरचा उपाय होता. १९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि ताप चारपाच दिवसांत उतरायला लागला. पण १९७२ मध्ये केरळात कालिकतला आणि त्याच वर्षी तिकडे मेक्सिकोत, त्याला न जुमानणाऱ्या विषमज्वराची साथ आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भारतभर जुनी तिन्ही औषधं एकदम निकामी झाली, कारण तिन्हींच्या ढाली एकाच प्लाझ्मिडवर होत्या. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही बोथट झालं. आता इंजेक्शनं चालू आहेत.

मुंबईची गोष्ट जरा सावकाश सांगावी लागेल. २००८ मध्ये स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू सापडला, की कार्बापेनेम ही राखीव ठेवलेली औषधंही त्याच्यापुढे चालेनात. तो त्याआधी दिल्लीत रुग्णालयात होता. त्याच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघालं, म्हणजे देवघेव बहुधा त्याच्या पोटातच झाली होती. जनुकाला नाव पडलं एनडीएम-१, न्यू दिल्लीवरून. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात मोठा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ झाला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट, असं बरंच बोललं गेलं. नावाबद्दलचा राग आम्हाला समजतो. लॅन्सेटच्या संपादकांनीही पुढं नावाची चूक मान्य करून माफी मागितली. पण त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे पाच महिने आधी, मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात हेच छापलं होतं. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांना कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू मिळाले, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. ते आपल्या माणसांनी, आपल्या माणसांसाठी लिहिलं होतं. त्याच्यावर एवढी चर्चा झाली असती, तर नावाच्या भांडणाची वेळ आली नसती, असं आमचं मत आहे.

आता पाण्याकडे येऊ. नचिकेत मराठे आणि स्वीडनमधले त्यांचे सहकारी यांनी पुण्यात मुठा नदीतला गाळ तपासला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. शहराच्या वरच्या बाजूच्या गाळाच्या मानानं शहरातल्या गाळात प्रतिरोधाची जनुकं तीसपटीपर्यंत जास्त होती. इथं औषध कारखान्याला दोष देता येत नाही. हे न शुद्ध केलेलं शहराचं मैलापाणी आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांची आतडी नदीत एकत्र येतात. डच संशोधकांनी दोन हजार प्रवाशांची तपासणी केली, तेव्हा दक्षिण आशियातून परतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक असे जंतू पोटात घेऊन घरी गेले होते. त्यांतल्या बहुतेकांनी प्रतिजैविकाची एकही गोळी घेतली नव्हती. तेव्हा "मी तर गोळ्या घेतच नाही," म्हणून सुटका नाही.

मग गोळ्या बंदच कराव्यात का? इथं आम्ही शहरातल्या काही विद्वानांशी सहमत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या साध्या आरोग्यसेवकांच्या हाती को-ट्रायमॉक्साझोल दिलं. ज्या गावांत ते दिलं, तिथं लहान मुलांचे न्यूमोनियानं होणारे मृत्यू इतर गावांच्या निम्म्याहूनही खाली आले. ते १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. १९९९ मध्ये नवजात बाळांसाठी जेंटामायसिनचं इंजेक्शन गावातल्या बाईच्या हाती देऊन, घरच्या घरी काळजी घेऊन, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं त्यांनी दाखवलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध नको, हे म्हणणं जिथं डॉक्टर आहे तिथं ठीक. २०१४ पासून एच-१ यादीतल्या औषधांची वेगळी वही मेडिकलवाल्यानं ठेवायची, हा नियम आम्हाला योग्य वाटतो. कोलिस्टिन कोंबड्या-जनावरांना द्यायला २०१९ मध्ये बंदी आली, तीही योग्यच. पण ज्या वाडीवर पावसाळ्यात गाडी पोचत नाही, तिथला हिशेब वेगळा आहे, आणि तो मांडताना मुंबईचा आकडा चालणार नाही.

गोळीची गरजच पडू नये, हा तिसरा रस्ता आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्याही खाली आणलं. आजही पोराला जुलाब झाले की आधी गोळी मागितली जाते. लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर ती गोळी काहीच करत नाही. करते ते फक्त वर सांगितलेलं, आतड्यातलं रान मोकळं.

आणि अलीकडचं, जावळीशी नातं असलेलं. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेनं विषमज्वराची नवी लस सरकारी मोहिमेतून लाखाहून अधिक मुलांना दिली. सार्वजनिक यंत्रणेतून ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रयत्न. ताप आला नाही, तर इंजेक्शन लागत नाही, आणि इंजेक्शन लागलं नाही, तर आतड्यातले बाकीचे जंतू शांत राहतात. आपल्या खोऱ्यातली माथाडी मंडळी तिथं किती आहेत, कोपरखैरणे-घणसोलीत जावळीची घरं किती आहेत, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. जत्रेला, गणपतीला ही सगळी घरं इकडे येतात, आणि परत जातात.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या ओळीतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.