आंबेगांव-नऱ्ह्याचें पाणी आणि पुण्याचीं उपनगरें

पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सांगतांना कात्रजचा नळ, खडकवासल्याचें धरण आणि पानशेतचा प्रलय हीं तीन प्रकरणें बहुधा एकापुढें एक मांडलीं जातात, व तिन्हींत शहर हेंच केंद्र धरलें जातें. पाणी कोठें पोंचलें याकडे लक्ष फार. तें ज्या गांवांतून निघालें त्यांच्याकडे थोडें. प्रस्तुत लेखांत दृष्टि उलट बाजूस वळविण्याचा हेतु आहे. जीं गांवें पुण्यास पाणी देत आलीं किंवा ज्यांच्या शिवारांतून तें वाहत गेलें, त्या गांवच्या माजघरांतील माठांत कोणतें पाणी पडत होतें, हा प्रश्न इ. स. २०२५ च्या जानेवारींत अकस्मात् जीवन-मरणाचा झाला. म्हणून त्याची मागील बाजू तपासून पाहणें अप्रस्तुत ठरूं नये.

नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७४९ च्या सुमारास कात्रजच्या घाटाखालीं बांध घालून तळीं बांधविलीं व तेथून दगडी बांधणीचा भुयारी नळ शनिवारवाड्यापर्यंत आणविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या रचनेंतील मर्म मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वरच्या तळ्यांत गाळ बसावा, निवळलेलें पाणी खालच्या तळ्यांत उतरावें, आणि तेथून केवळ उताराच्या बळावर तें पेठांतील हौदांस मिळावें, अशी ती योजना होती. वाटेवर जागोजाग उच्छ्वास उभारलेले असत. नळांत कोंडणारी हवा त्यांतून निघून जाई. शब्दच किती नेमका आहे पहा: भुयारांतील पाण्यासही श्वास टाकावा लागतो, हें त्या गवंड्यांस ठाऊक होतें. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें पुणेकरांच्या तोंडीं अद्यापि आहेत.

कात्रजच्या मागोमाग दुसरेही नळ आले. रास्त्यांनीं कोंढव्याकडून आपल्या पेठेंत पाणी आणिलें. नाना फडणिसांनीं आंबेगांव-नऱ्ह्याकडील पाणी सदाशिव पेठेच्या हौदास आणविलें. ही सदाशिव पेठ तेव्हां मूळच्या कसब्याच्या मानानें नवी वस्ती होती; आजच्या भाषेंत उपनगरच म्हणावयाचें. येथें एक गोष्ट नोंदविण्यासारखी वाटते. त्या काळीं नवी पेठ वसविणें आणि तिला पाणी देणें हीं बरीचशीं एकाच विचाराचीं अंगें होतीं. हौद नाहीं तेथें वाडे कोण बांधणार? वस्ती आधीं होऊं द्यावी आणि पाण्याचें मागाहून पाहूं, ही पद्धति पुढच्या काळाची.

परंतु एवढ्यावरून पेशवाईची निर्भेळ स्तुति करणें इतिहासास धरून होणार नाहीं. पाणी आलें तें धन्याच्या मर्जीनें, आणि आलें तेंही सर्वांस नाहीं. सार्वजनिक म्हणविणाऱ्या हौदांवर अस्पृश्य मानलेल्या जातींस घागर बुडविण्याची मुभा नव्हती. जोतीराव फुल्यांनीं इ. स. १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद त्यांस खुला केला, तेव्हां पेशवाई जाऊन पन्नास वर्षें होत आलीं होतीं, तरीही तें कृत्य धाडसाचें ठरलें. पाण्याची 'शुद्धि' या शब्दाचा अर्थ त्या समाजानें कोठें नेऊन ठेविला होता, याचें यापरतें प्रमाण नको. भांडें कोणी लाविलें याची चौकशी होई. भांड्यांत काय आहे ही चौकशी डोळ्यांवर सोंपविलेली असे.

या डोळ्यांच्या कसोटीचा थोडा विस्तार करणें अवश्य आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात वस्तु सांगितल्या आहेत. कतक म्हणजे आपली निवळीची बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं आणि मणि. दूषित पाण्यास मात्र सुश्रुतानें निराळा उपचार सांगितला आहे: विस्तवावर कढविणें, उन्हांत तापविणें, अथवा तापविलेलें लोखंड त्यांत बुडविणें. म्हणजे निवळणें आणि निर्दोष होणें या दोन क्रिया भिन्न आहेत, ही जाणीव त्या ग्रंथांत स्पष्ट दिसते. पुढील व्यवहारांत पहिली क्रिया टिकली आणि दुसरी आजाऱ्याच्या पथ्यापुरती उरली. शाळेंत संस्कृत शिकवितांना कतकाचा उल्लेख आला कीं मनुस्मृतींतील दाखला मुलांस हटकून सांगावा लागे, कीं कतकाचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. तो दाखला धर्माचरणाविषयीं आहे. पण नगरपालिकांच्या दप्तरांसही तो लागू पडतो.

वस्त्रगाळ पाण्याचीही तीच गोष्ट. मनूनें तें यतीस सांगितलें. घरोघरीं तें रूढ झालें. त्याचा उपयोग खरोखर होता. संस्कृत वैद्यकांत ज्यास स्नायुक म्हटलें आहे तो नारू पायऱ्यांच्या विहिरींतून पसरे. त्याचीं पिलें ज्या सूक्ष्म जलचराच्या पोटांत वाढतात तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा असतो, व दाट कापडांत अडकतो. कापडाची गाळणी, औषधफवारणी आणि पायऱ्यांच्या विहिरींचा त्याग या उपायांनीं नारू हटला. देशांतील अखेरचा रोगी इ. स. १९९६ मध्यें आढळला व इ. स. २००० मध्यें भारत नारूमुक्त ठरला. परंतु जे जंतु मिलिमीटराच्या सहस्रांशाच्या मापाचे आहेत, त्यांस कापड हें दार नव्हे, चौकट आहे.

इंग्रजी अमलांतील हकीकत थोडक्यांत पुरे. इ. स. १८५० मध्यें सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें मुळा-मुठेवर बंधारा झाला. पुढें कर्नल फाइफ यांच्या योजनेनें खडकवासल्याचें धरण इ. स. १८७९ च्या सुमारास पुरें झालें व मुठेचा उजवा कालवा वाहूं लागला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून त्याच्या लोंढ्यानें खडकवासलाही फुटला, तेव्हां नळ आटले आणि पेठांतील जुने हौद व वाड्यांतील आड पुन्हां उपसले गेले. वाड्यांत आड होते म्हणून तें शक्य झालें. आज त्या वाड्यांच्या जागीं जे मजले उभे आहेत, त्यांच्या खालीं आड बुजलेले आहेत.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. खडकवासल्याहून शहराकडे येतांना कालव्याच्या वाटेवर किरकटवाडी, नांदेड, धायरी हीं गांवें लागतात. पलीकडे नऱ्हे आणि आंबेगांव. नाना फडणिसांचें पाणी जेथून निघालें तींच हीं. शहर पसरत या शिवारांत आलें. आंबेगांव व धायरी इ. स. २०१७ मध्यें पुणें महानगरपालिकेंत आलीं. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी व खडकवासला इ. स. २०२१ मध्यें. पण त्याच्या कितीतरी आधीं तेथें चार-चार, दहा-दहा मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या. लोकसंख्या शहराची, आणि पाण्याची सोय गांवाची: सार्वजनिक विहीर, कूपनलिका, टँकर. शहरास पाणी शुद्ध करून देणारीं पर्वती आणि वडगांव बुद्रुक येथील केंद्रें या गांवांच्या खालच्या अंगास आहेत. धरणाचें पाणी गांवाच्या कुशींतून पुढें जावें, खालीं जाऊन गाळलें जावें, आणि गांवानें तें न गाळलेलेंच प्यावें, असा हा उफराटा प्रकार होता.

इ. स. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यांत 'गुलियन बॅरे' नांवाच्या विकाराचे रोगी एकाएकीं वाढले. हातापायांतील शक्ति जाते, क्वचित् श्वासही यंत्रावर चालवावा लागतो. संशयित रुग्णांची संख्या दोनशेंवर गेली, कांहीं दगावले. हा विकार स्वतः सांसर्गिक नव्हे. आंतड्यांत विशिष्ट जंतूंचा शिरकाव झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ति चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटते, तेव्हां तो होतो. रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतु व नोरोव्हायरस आढळले. बहुतांश रोगी नांदेडच्या सार्वजनिक विहिरीच्या आसपासचे असल्याचें जाहीर झालें. या विहिरींत धरणाचें पाणी सोडलें जाई व त्यांत जंतुनाशक घालून तें वाटलें जाई; गाळण्याची क्रिया मध्यें नव्हती. पाण्यांत सेंद्रिय मळ असला कीं क्लोरीन त्यावरच खर्ची पडतें आणि जंतूंसाठीं उरत नाहीं, हें रसायनशास्त्राचें साधें तत्त्व आहे. घरच्या तोटीपाशीं दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलें पाहिजे, असें भारतीय मानक सांगतें.

महानगरपालिकेनें पुढें त्या परिसरांतील कित्येक खासगी 'आरओ' केंद्रांस टाळें लाविलें. लोक पैसे मोजून जें पाणी शुद्ध म्हणून वीस लिटरांच्या बाटल्यांतून घरीं नेत होते, तेंही कसोटीस उतरलें नव्हतें. आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत बोलकी गोष्ट हीच. दिसावयास तें पाणी स्फटिकासारखें होतें.

उपनगरी घरांतील धोका मात्र विहिरीवरच संपत नाहीं. वाड्याचा हौद चौकांत, सर्वांच्या नजरेसमोर असे; त्यांत मूल पडण्याची भीति होती, पण तळाशीं मेलेला उंदीर दिसेही. आजच्या इमारतीची टाकी जमिनीखालीं, बहुधा वाहनतळाच्या कोपऱ्यांत, सांडपाण्याच्या नळाशेजारीं असते. तिचें झांकण किंचित् सरकलें तर डेंग्यूच्या डांसास तेवढें पुरतें. तो स्वच्छ पाण्यांतच अंडीं घालतो. तळाशीं चीर गेली तर मैलापाणी आंत झिरपतें आणि कोणास कळत नाहीं. बंद टाकींत हवा कोंडते व सफाईस उतरलेला मजूर गुदमरतो, अशा घटना वारंवार घडतात. अडीचशें वर्षांपूर्वीं नळावर उच्छ्वास बांधणाऱ्या शहराच्या वाढत्या भागांत हें घडावें, याचें वैषम्य वाटतें. पाणी कढ येईपर्यंत उकळून, झांकून ठेवावें व ओगराळ्यानें घ्यावें, हा साथीच्या वेळीं दिला गेलेला उपदेश सुश्रुताच्या क्वथनाहून फारसा निराळा नाहीं. पण इंधनाचा खर्च ज्यास परवडत नाहीं त्या खोलींत तो किती दिवस पाळला जाणार?

एक प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनें उरतो. कात्रजच्या व आंबेगांवच्या नळांची साफसफाई कोण करी, त्याचा खर्च कोणत्या खात्यावर पडे, आणि ज्यांच्या शिवारांतून नळ गेला त्या गांवांस त्यांतील पाण्याचा कांहीं हक्क मिळे काय, हें पेशवे दफ्तरांतील हिशेबांवरून व देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरच्या कागदांवरून ठरवितां येण्यासारखें आहे. नऱ्हे, आंबेगांव, धायरी, कात्रज व कोंढवा येथील जुन्या घराण्यांकडे पाणी, पाट, नळ किंवा हौद यांविषयींचे मोडी कागद असल्यास त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. त्या गांवांतील जमिनी झपाट्यानें हस्तांतरित होत आहेत, आणि घरें पाडतांना माळ्यावरचीं दप्तरें कोणी पाहत नाहीं.