नारूचे निर्मूलन

‘नारू’ हा शब्द मराठी घरांतून आता जवळजवळ हद्दपार झाला आहे. जुन्या पिढीला मात्र त्याचा अर्थ सांगावा लागत नसे. पायावर फोड यावा, तो फुटावा आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा कृमी डोकावू लागावा. मग तो काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर ओढीत आठवडेच्या आठवडे खाटेवर काढावेत. घाईने ओढताना तो तुटला, तर पाय सुजून पिकत असे. मादी हातभराहूनही लांब असते. संस्कृत वैद्यकात या विकाराला ‘स्नायुक’ असे नाव आहे. यावर ना लस, ना औषध. नारूने माणूस सहसा मरत नसे, आणि म्हणूनच कदाचित त्याची दखल फार उशिरा घेतली गेली. पण ऐन कामाच्या दिवसांत ज्या घरातला कर्ता माणूस आडवा होई, त्या घराचे वर्ष बुडे.

या कृमीचा प्रवास पाण्यातून होतो. १८७० च्या सुमारास फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानात त्याचा माग काढला. रोगी पाण्यात उतरला की फोडातून असंख्य अळ्या सुटतात. सायक्लोप्स नावाचे सूक्ष्म जलचर त्या गिळतात, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या देहात सुमारे वर्षभराने नवा कृमी डोके वर काढतो. म्हणजे दोष पाण्याचा नव्हे, पाण्यात पाय घालण्याचा. आडाचे पाणी पोहऱ्याने शेंदावे लागते. बारवेत मात्र पायऱ्या उतरून घागर बुडवावी लागते. बारव बांधणे हे आपल्याकडे मोठे पुण्यकर्म. अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतले की घाटांबरोबर बारवाही आठवतात. मेहरौलीतील राजों की बावली पाहताना आपण तिच्या शिल्पावर लुब्ध होतो. परंतु नारूच्या प्रदेशात त्याच पुण्याईच्या पायऱ्या रोगाची वाट ठरल्या, हा दैवदुर्विलासच!

१९८३-८४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. त्याची सूत्रे दिल्लीतील राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे होती. जुन्या मलेरिया इन्स्टिट्यूटमधून १९६३ साली उभी राहिलेली ही संस्था २००९ पासून राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र म्हणून ओळखली जाते. १९८४ साली सात राज्यांतील बारा हजारांहून अधिक गावांत सुमारे ४० हजार रोगी आढळले. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. उपाय दिसायला अगदी साधे होते: पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, विहिरीत टेमेफॉस टाकणे, हातपंप बसवणे, बारवांचे आड करणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे. अवघड होते ते घरोघर फिरून रोगी हुडकणे. देवीच्या मोहिमेत हीच शोधाची रीत उपयोगी पडली होती.

शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात सापडला. तक्त्यात शून्य लिहिणे कोणत्याही कचेरीला सोपे असते. ते शून्य खरे आहे, हे पटवायला पुढची तीन वर्षे शोध चालू ठेवावा लागला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९८६ साली जगात अदमासे ३५ लाख माणसे या रोगाने ग्रासलेली होती. २०२३ साली ती संख्या पंधराच्याही आत आली. मात्र आफ्रिकेतील चाड देशात हा कृमी आता कुत्र्यांतही सापडतो, आणि कुत्र्याला पाण्यात उतरू नको असे सांगणार कोण?